भाऊसाहेबांची पहिली शंभर वर्षं

"ते असू द्या सर. जेवले कुठं आणि कोणाबरोबर, ते सांगा."

कोणतीही बातमी सांगा, आमच्या शाळेचे भाऊसाहेब चष्मा कपाळावर ढकलून हाच प्रश्न विचारायचे. तपासणीला साहेब येऊन गेले, महाडात कुणी पुढारी दोन तास बोलून गेला, माझ्या मेव्हण्याचं लग्न थाटात झालं, काहीही असो. भाषणात काय होतं, आहेर काय आला, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. पंगत कुठे बसली? कोणाच्या शेजारी कोण होतं? वाढायला कोण होतं? एवढं कळलं की चष्मा पुन्हा नाकावर यायचा आणि टाइपरायटर सुरू व्हायचा.

नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, माणूस खाण्याचा शौकीन दिसतो. स्टाफरूममध्ये मी त्यांचं नाव 'आचारी' पाडलं होतं. ते चांगलं रुळलं. नावं पाडण्यात माझा हातखंडा होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

पोलादपूरच्या हायस्कूलात ते हेडक्लार्क होते. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कापड्याजवळच्या बौद्धवाडीतून ते सायकलने यायचे, मी महाडहून एस.टी.ने. अंगानं किरकोळ, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं, पावसाळ्यात पँटचे पाय दुमडून घोट्याच्या वर घेतलेले. पगारबिलं, दाखले, परीक्षेचे पेपर, सगळं त्यांच्या हातून जायचं. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही आणि ज्याला चहाच्या वेळी हाक मारायची कुणाला आठवण होत नाही.

आमची ओळख वाढली ती एका प्रश्नपत्रिकेमुळे. मी नववीला इतिहास शिकवायचो. 'ख्रिस्ती धर्माच्या उदयाची व प्रसाराची कारणे लिहा' हा माझा ठेवणीतला प्रश्न. मुलांना मी पाच कारणं लिहून द्यायचो: रोमन लोकांचे चांगले रस्ते, सगळीकडे समजणारी भाषा, गोरगरिबांना आधार वगैरे. मुलं पाठ करायची, मी मार्क द्यायचो. त्या वर्षी भाऊसाहेब छपाईची स्टेन्सिल कापायच्या आधी पेपर घेऊन माझ्यापाशी आले.

"सर, हा चौथा प्रश्न."

"काय चुकलंय?"

"चुकलं नाय. पण ही सगळी कारणं झाली. माणसं कुठं हायत? पहिली शंभर वर्षं धरा. पहिली शंभर माणसं धरा. त्यांनी सकाळी उठून काय केलं? घरातल्या जुन्या देवांचं काय केलं? सणाला काय केलं?"

"ते पुस्तकात नाही हो."

"मग कशात हाय?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी तो धडा शिकवत होतो. "अभ्यासक्रमाच्या बाहेरचं आहे," असं म्हणून मी विषय मिटवला. आम्हा मास्तर लोकांना हे वाक्य फार उपयोगी पडतं.

त्यांना हे का हवं होतं, ते पुढे हळूहळू कळलं. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यांच्या वाडीनं धर्म बदलला, तेव्हा ते तिशीच्या जवळ होते. "आम्ही पहिली पिढी, सर," ते म्हणायचे. "आमच्या मागं कोण नाय, विचारणार कोणाला? लग्न कसं लावायचं, मयत कशी करायची, सगळं नव्यानं. आता दुनियेत आमच्या आधी कोणी तरी असं पहिल्या पिढीचं झालं असंलच ना? त्यांना काय काय अडलं, ते बघावं म्हटलं."

दीक्षेनंतर घरातले देव नदीला गेले. देवाचा एक चांदीचा टाक मात्र त्यांच्या आईनं तांदळाच्या कणगीत खाली दडवला होता. भाऊसाहेबांना तो सापडला. त्यांनी तो होता तिथेच ठेवला आणि वर पुन्हा तांदूळ ओढले. आई वारेपर्यंत बारा वर्षं दोघांनीही एकमेकांना काही कळू दिलं नाही. हे सांगताना ते हसले आणि मग बराच वेळ टाइपरायटरची फीत नीट करत बसले.

महाडच्या बाजारात एका मुसलमान गृहस्थांचं रद्दीचं दुकान होतं. मुलगा आखातात गेला होता, चाचा दिवसभर दुकानात बसून येईल ते छापील वाचायचे. भाऊसाहेबांनी त्यांना आपली अडचण सांगून ठेवली होती. वर्षभरानं चाचांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून दिलं. ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीचा इतिहास. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, त्यामुळे ते कोणी लिहिलं हे आम्हाला कधीच कळलं नाही. भाऊसाहेब शब्दकोश घेऊन त्याला भिडले. दिवसाला अर्धं पान. अडलं की मला विचारायचे, आणि जुन्या निकालपत्रकांच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहून काढायचे.

मग रोज मधल्या सुट्टीत बातम्या यायच्या, जणू ती माणसं सावित्री नदीपलीकडच्या कुठल्याशा गावात राहत होती. "सर, त्यांना देऊळच नव्हतं. कोणाच्या तरी घरात जमायचे. एक बाई होती, जांभळ्या कापडाची व्यापारीण, तिच्या घरात!" पेत्र आणि पौल हे त्या धर्माचे पहिले प्रचारक, पण ही नावं ते क्वचितच घ्यायचे. पेत्र म्हणजे 'आपला कोळी' आणि पौल म्हणजे 'तंबूवाला'. "तंबू शिवून पोट भरायचा, फुकट खायचा नाय कोणाचं," हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. घरात मूर्ती नाही म्हणून लोक त्या पहिल्या ख्रिस्ती माणसांना नास्तिक म्हणायचे, हे वाचलं त्या दिवशी ते दोन वेळा उठून माझ्या वर्गापाशी येऊन गेले.

एकदा म्हणाले, "बाजारातलं मटण आधी देवळात दाखवून यायचं. मग ते घ्यायचं की नाय, यावरून त्यांच्यात भांडणं. आमच्याकडं शिमग्याची पालखी दारात आली तर नारळ द्यायचा की नाय, यावरून दरवर्षी होतात तशी."

"मग त्यांनी काय ठरवलं?"

"तंबूवाला म्हणाला, मटणाला काय होत नाय. पण शेजारच्या भावाचं मन दुखावणार असंल तर खाऊ नका." चष्मा कपाळावर गेला. "बघा, परत जेवणावरच आलं. सर, बाकी सगळं मागाहून. पहिला प्रश्न पंगतीचा. गुलाम आणि मालक एका पानाला बसले की नाय? एका गावात तर पैसेवाले आधी येऊन जेवून घ्यायचे. मजूर काम संपवून येतात तो भांडी रिकामी!"

"आपल्या गॅदरिंगसारखं."

ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्या दिवशी मी मनातल्या मनात 'आचारी' हे नाव मागे घेतलं. उघडपणे मात्र घेतलं नाही.

भाऊसाहेब रेकॉर्डरूममध्ये जेवायचे. जुन्या हजेऱ्यांची एक पत्र्याची पेटी होती, तिच्यावर वर्तमानपत्र पसरायचं. शाळेत लागल्यापासून ते एकटेच तिथे जेवत होते. बाकीचे सगळे स्टाफरूममध्ये. कुणी त्यांना मनाई केली नव्हती आणि कुणी बोलावलंही नव्हतं. या गप्पांच्या नादानं मी एक दिवस माझा डबा घेऊन तिथे गेलो आणि मग रोजच जाऊ लागलो. त्यांची नाचणीची भाकरी, माझी पोळी, त्यांच्या घरचं करवंदाचं लोणचं.

आता खरं सांगायचं तर या गोष्टीचा मला फार गर्व झाला होता. मी पाण्याच्या सत्याग्रहाच्या तळ्याच्या गावचा, महाडचा, समतेवर पंधरा ऑगस्टला भाषण करणारा. महाडात मित्रांना मी मुद्दाम विषय काढून सांगायचो की आम्ही एका पेटीवर जेवतो. भाऊसाहेब हे कुणाला सांगत असतील असं मला वाटत नाही. ते फक्त मी येण्याआधी पेटी दोनदा पुसायचे.

माझं बघून विज्ञानाचे सर यायला लागले. मग चित्रकलेचे. चौथा डबा पेटीवर उघडला त्या दिवशी भाऊसाहेबांनी आपला घास हातातच धरला आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "आता पंगत झाली," ते म्हणाले. त्या माणसाला जगाकडून एवढंच हवं होतं आणि आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं. म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो.

शाळेचा वाढदिवस होता. संस्थेच्या मुख्य मंडळावर माझे थोरले मामा होते, वाईचे. मला ही नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली होती. ते येणार हे मला माहीत होतं, पण दुपारनंतर येतील अशी कल्पना होती. घाट उतरून ते मधल्या सुट्टीतच हजर झाले, बरोबर मंडळाचे आणखी तिघे. आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. भाऊसाहेबांनी नुकतंच माझ्या डब्याच्या झाकणात लोणचं वाढलं होतं. दारात मामा उभे.

"तू इथे काय करतोयस?"

मी ताडकन उठलो. मला आजही कळत नाही, मी कशाला भ्यालो. मामांनी फार तर नाक मुरडलं असतं. पण माझ्या तोंडून जे आलं ते असं: "काही नाही मामा. यांना वेळापत्रक टाइप करायला सांगायला आलो होतो." आणि वर भाऊसाहेबांकडे वळून, साहेबी आवाजात, "ते आजच्या आज झालं पाहिजे, काय?"

भाऊसाहेबही उठून उभे राहिले. "होय सर," म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांनी शेजारची हजेरीची वही उचलून माझ्या उघड्या डब्यावर ठेवली.

माझं खोटं उघडं पडू नये म्हणून त्यांनी ते केलं. मी ते पाहिलं, तरी मामांबरोबर चालू लागलो. मागोमाग विज्ञानाचे सर हात झटकत निघाले, मग चित्रकलेचे. हॉलमध्ये पाहुण्यांची पंगत मांडली होती. मी मामांच्या उजव्या हाताला बसलो आणि जिलबीचा आग्रह झाला तेव्हा दोन घेतल्या.

संध्याकाळी माझा डबा माझ्या टेबलावर होता. स्वच्छ घासलेला, पुसून कोरडा केलेला. त्याच्याखाली टाइप केलेलं वेळापत्रक. असं काही वेळापत्रक नव्हतंच, मी ते दारात उभं राहून रचलं होतं. त्यांनी मागच्या सत्राचं काढून नव्यानं टाइप केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पोटाचं कारण सांगितलं. मग परीक्षा आली. दोघे सर माझ्याकडे बघून ठरवत होते. मी गेलो नाही म्हणून तेही गेले नाहीत. आठवडाभरात आम्ही तिघं स्टाफरूममध्ये पूर्वीच्या जागी बसून जेवू लागलो. भाऊसाहेब एकदा तरी याबद्दल बोलतील, म्हणजे मला माफी मागता येईल, अशी मी वाट बघत राहिलो. माफी मागायलासुद्धा त्यांनीच सुरुवात करून द्यावी, असा माझा हिशेब होता.

शनिवारी दुपारी आमच्याकडे शिक्षकांची व्याख्यानं होत. हेडमास्तर मोकळ्या मनाचे होते, त्यांनी भाऊसाहेबांना बोलायला सांगितलं होतं. क्लार्कनं बोलायची ही पहिलीच वेळ. विषय 'पहिली शंभर वर्षे'. त्यांनी आठ मुद्द्यांची स्टेन्सिल आधीच कापून ठेवली होती, त्या वाढदिवसाच्याही आधी. सहाव्या मुद्द्याबद्दल मी तेव्हा विचारलं होतं तर म्हणाले होते, "तो सगळ्यात भारी हाय. आत्ता नाय सांगणार."

ते सुंदर बोलले. कागद हातात होता, पण बघावा लागला नाही. व्यापारीण, गुलाम, रिकामी भांडी, सगळं आमच्या डोळ्यांपुढे उभं केलं. पाचवा मुद्दा संपला. त्यांनी चष्मा नीट केला आणि सातवा सुरू केला.

शेवटी हेडमास्तर हातातला कागद बघून म्हणाले, "भाऊसाहेब, सहावा राहिला की. अंत्युखियाची पंगत."

"ते काय फार महत्त्वाचं नाय, सर." ते कागदाकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

ते व्याख्यानाच्या खोलीत टाळ्या घेत होते तेव्हा मी कचेरीत त्यांच्या टेबलाशी जाऊन ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक उघडलं. खुणेची चिठ्ठी होतीच. अंत्युखिया नावाच्या शहरात नव्या धर्मात आलेले परके लोक आणि जुन्या कुळातले लोक एकत्र जेवत. कोळीही त्यांच्यात बसून जेवायचा. मग त्याच्या गावाकडून काही वजनदार माणसं आली. तो भ्याला आणि पंगतीतून उठला. त्याचं बघून बाकीचेही उठले. तेव्हा तंबूवाल्यानं सगळ्यांसमोर, तोंडावर, त्याला झापलं.

मी उभ्या उभ्या दोनदा वाचलं. आम्ही चाळीस जण त्या खोलीत होतो आणि मला झापायचा हक्क, जागा आणि मजकूर हे सगळं त्या माणसाच्या हातात होतं. दोन वर्षांच्या कष्टातला सगळ्यात भारी भाग त्यांनी माझ्यासाठी गिळून टाकला. मला तेव्हा त्यांचा रागसुद्धा आला. झापलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

त्यानंतर मी रेकॉर्डरूममध्ये डबा घेऊन जायचं रोज ठरवत असे. तुम्ही म्हणाल, वीस पावलांचं तर अंतर. ते मला सात वर्षांत चालून जाता आलं नाही. ते निवृत्त झाले, त्यांनी नव्या घराच्या जेवणाचं बोलावणं पाठवलं, त्या दिवशी मी तापाचं निमित्त केलं. ताप नव्हता.

पुढे दोन वर्षांनी ते वारले. जलदान विधीचा, म्हणजे बौद्धांच्या उत्तरकार्याचा, निरोप आला तेव्हा बायकोला सांगून निघालो, आज मी तिथे जेवून येणार, सगळ्यांत बसून. कापड्याला उतरून भातखाचरांच्या बांधावरून चालत गेलो. अंगणात मांडव होता, बुद्धवंदना झाली, पंगती बसू लागल्या. मी चपला काढल्या आणि एका ओळीच्या टोकाला बसायला वाकलो. एवढ्यात त्यांची मुलगी लगबगीनं आली. वरंधला शिक्षिका होती ती.

"सर, तुमचं आत वाढलंय."

"अगं, नको. मी इथंच बसतो."

"नाय सर, चला तुम्ही." तिनं माझ्या हाताला धरलं. आतल्या खोलीत टेबलखुर्ची होती, ताटावर ताट झाकलं होतं आणि खिडकीचा पडदा ओढलेला होता. "बाबांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, सर कधी आले तर त्यांचं पान आत वाढा. चारचौघांत आमच्याबरोबर जेवायला त्यांना अवघड वाटतं, पण माणूस चांगला हाय, त्यांना संकोच होईल असं काय करू नका."

ती हे अगदी सरळ मनानं बोलली. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी काही तरी उत्तर दिलं असतं. तिच्या हातात वरणाचं भांडं होतं, बाहेर लोक तिला हाका मारत होते. मी खुर्चीत बसलो. जाताना तिनं दारही लोटून घेतलं, मला मोकळेपणानं जेवता यावं म्हणून.

बाहेर वाढणाऱ्यांची धावपळ चालली होती. भात घ्या, बुंदी घ्या, असा आग्रह होत होता. मी जेवू लागलो. पहिला भात संपला. मला आणखी हवा होता, पण आत वाढायला कोणी आलं नाही आणि हाक मारायचा मला धीर झाला नाही.